तीन कोयते पूर्ण

आमच्या ह्यांना डोंगर आवडत नाही, कारण डोंगरावर गिऱ्हाईक नसतं. सिरसाळ्यात आमचं आडतीचं दुकान आहे. तूर येवो, हरभरा येवो, हे मूठभर हातात घेतात, वास घेतात आणि भाव सांगतात. वैजिनाथशेठचा शब्द बाजारात कुणी खाली पडू देत नाही. त्यांच्या मते फिरायला जायचं म्हणजे देवाला जायचं, आणि देव परळीत हाकेच्या अंतरावर असताना पुढं डिझेल जाळायचं कशाला? त्यामुळे आमची पुतणसून प्रणिता ‘एक दिवस बालाघाटाच्या माथ्यावर’ अशी जाहिरात फोनवर दाखवायला लागली, तेव्हा मी मनात म्हटलं, पोरी, पालथ्या घड्यावर पाणी ओततेस.

पण ह्यांचे चुलतभाऊ केदारनाथ मध्ये पडले. केदारनाथभावजी आमच्या समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. दिवाळीनंतर मंडळातल्या कुटुंबांच्या सहली निघतात, आणि त्या कुठं न्यायच्या ते भावजी ठरवतात. त्यांनी होय म्हटलं की गाड्या भरून माणसं जातात, आणि नाही म्हटलं की तिकडं कुत्रंही फिरकत नाही. “आपल्याच जिल्ह्यात बघण्यासारखं काही आसंल तर बरंच हाय की,” ते म्हणाले. “आधी आपण तीन जोड्या जाऊन बघून येऊ.”

तीन जोड्या म्हणजे भावजी आणि माझी जाऊ शिवकन्या, पुतण्या योगीराज आणि त्याची प्रणिता, आणि आम्ही दोघं. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, उजाडायच्या आत, अजिनाथची जुनी क्रुझर आमच्या दारात उभी राहिली. शेजारी त्याची बायको सुनिता. जाहिरातीतली सहल तिची, गाडी त्याची. योगीराजला त्या गाडीत गारवा मिळणार नव्हता, म्हणून त्यानं आपली कार मागं काढली.

सुनिता आष्टीच्या वरच्या अंगाची. बारीक चणीची, आवाज मात्र शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. तिनं आम्हाला गाडीत बसवलं, कारकडं एक नजर टाकली आणि ओरडली, “तीन कोयते पूर्ण! चला!”

“कोयते कसले?” मी विचारलं.

ती लाजली. “सवय हाय, आक्का. लगीन झाल्यापासनं दरसाल ऊस तोडायला जातो आमी. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम टोळी भरताना माणसं मोजत न्हाई, कोयते मोजतो.”

“मंजे मी अर्धा कोयता?”

“तसंच म्हणत्यात,” ती म्हणाली. मला हसू आलं. एवढ्या मोठ्या आडत दुकानाची मालकीण, आणि भरले मी अर्धा कोयता!

वाटेत तिनं काहीही न लपवता आपली गोष्ट सांगितली. दसरा झाला की मुकादम दारात येतो आणि दिवाळीनंतर टोळी कर्नाटकात जाते. मुलगी आरोही सातवीत आहे. मागच्या वर्षी तिला आजीपाशी ठेवून गेले, तर पोर महिनाभर तापली आणि आईला ते शेवटी कळलं. यंदा दिवाळीनंतरच्या चार सहली ठरल्या तर ऊस नाही. न ठरल्या तर आहेच. “शेठ, तुमच्या भावाच्या तोंडाकडं बघत बसलोय आमी,” ती ह्यांना म्हणाली. हे खिडकीबाहेर बघत राहिले. दुसऱ्याची नड कानावर आली की आमचे हे खिडकीबाहेर बघतात.

मांजरसुंब्याच्या घाटात शिवकन्येला मळमळायला लागलं. चहाला थांबलो तेव्हा ती योगीराजच्या कारमध्ये जाऊन बसली, आणि तिला लिंबू हुंगायला द्यायला मीही तिच्यासोबत गेले. माझी पिशवी आणि फोन क्रुझरमध्येच राहिले.

पाटोदा मागं पडलं आणि थोड्या वेळानं गाड्या डांबरी सोडून कच्च्या वाटेला लागल्या. आणि मग तो माथा आला.

आता हे कसं सांगू? मी ह्याच जिल्ह्यात जन्मले, ह्याच जिल्ह्यात दिली गेले, आणि आमच्याकडं असं काही असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडचं बोलणं म्हणजे पाऊस नाही, पाणी नाही, माणूस गेला ऊस तोडायला. ते खोटं नाही. पण पावसाळा सरताना हा माळ असा उभा असतो, हेही खरंच की! लांबच्या लांब गवत, अर्धं हिरवं, अर्धं पिवळं पडलेलं. मध्ये तरवडाची पिवळी फुलं, कुर्डूचे गुलाबी तुरे. वारा आला की सगळा माळ एका अंगावर कलायचा आणि पुन्हा उठायचा. पलीकडं पवनचक्क्या हळूहळू फिरत होत्या. आणि एका ठिकाणी जमीन एकाएकी संपून खाली खोल दरी.

“आता कुणी बोलू नका,” सुनिता म्हणाली. “नुसतं बघा.”

कोण ऐकतंय! भावजींनी इथं एकरी भाव काय चाललाय ते विचारलं. हे म्हणाले, खडकाळ हाय, फुकट दिली तरी न्हाई घ्यायची. योगीराज प्रणिताला कड्यावर उभी करून फोटो काढत होता, “अजून मागं, अजून मागं,” म्हणत. शिवकन्या कारमध्ये डोळे मिटून पडलेली. सुनिता एकदा भावजींकडं बघायची, एकदा माळाकडं. तिच्या हातात असतं तर तिनं त्यांचं तोंड धरून माळाकडं फिरवलं असतं.

सहलीत बायकांना जे कोडं पडतं ते मला पडलं. पुरुषांसमोर कुणाला सांगणार? म्हणून मी काही न बोलता सीताफळीच्या झुडपांमागं गेले, आणि आडोसा शोधत शोधत एका उंचवट्याच्या पलीकडं उतरले.

काम झालं आणि मी वर बघितलं, तर मी अगदी कड्यावर होते. खाली तळं. तळ्याकाठी बाजरी काढून रचून ठेवलेली. काळ्या रानात कुणीतरी ज्वारी पेरत होतं, बैलं मुंगीएवढी. ढगाची सावली ह्या डोंगरावरून निघायची, तळ्यावरून जायची आणि समोरच्या डोंगरावर चढायची. एक चंडोल वर एकाच जागी फडफडत गात होता, त्याला दुसरं कामच नव्हतं. माझ्या हाताशी सीताफळ होतं, डोळे उघडलेलं, मऊ. मी ते तोडलं आणि दगडावर बसून खाल्लं. आधी कुणाला दिलं नाही. कुणाला विचारलं नाही.

तेवढ्यात मागून, वाऱ्यावर, सुनिताचा आवाज आला, “तीन कोयते पूर्ण! चला!”

मी उठले. दोन पावलं उंचवट्यावर चढले, तर झुडपांच्या वरून मला दोन्ही गाड्या दिसल्या. हे पुढच्या सीटवर, भावजी त्यांच्या मागं, योगीराज आपल्या कारच्या स्टिअरिंगवर. सुनितानं तीन पुरुष बघितले आणि तीन जोड्या मोजल्या. उसाच्या फडात नवरा आहे तिथं बायको असतेच. क्रुझरवाल्यांना वाटलं मी कारमध्ये आहे, कारवाल्यांना वाटलं मी क्रुझरमध्ये गेले. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी तोंड उघडलंही होतं.

आणि मी ते मिटलं. पुन्हा खाली बसले.

गाड्यांचा आवाज लांब गेला, मग नाहीसा झाला. भीती वाटली का? वाटली. छातीत धडधडलं. गळ्यातल्या लिंगाला हात लावून मी म्हटलं, शांते, तुला वेड लागलंय. मग धडधड थांबली आणि मला कळेना की हे एवढं शांत कशानं वाटतंय. कुणाला पाणी नको होतं. कुणाचा चष्मा शोधायचा नव्हता. माझ्या आयुष्यात मी एकटी कधी बसले होते? माहेरी आठ माणसं, सासरी अकरा. न्हाणीघरातसुद्धा दार वाजायचं.

बऱ्याच वेळानं एक मोर आला. पिसारा नव्हता त्याला. ह्या दिवसांत मोराची पिसं झडतात, सुनितानं वाटेत सांगितलं होतं. लांडा मोर, पण मान तीच, निळी, आणि चाल अशी की सगळा बालाघाट त्याच्या नावावर आहे. माझ्याकडं त्यानं एकदा पाहिलं आणि आपलं दाणे टिपणं चालू ठेवलं. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही, बघायला होतं कोण!

तिकडं काय झालं ते मला मागून कळलं. जेवण अजिनाथच्या घरी होतं. त्याची आई भिवराबाईनं अंगणात पानं मांडली, सगळे बसले, आणि आमच्या ह्यांनी पानावरूनच आवाज दिला, “शांता, गोळी!” जेवणाआधीची साखरेच्या दुखण्याची गोळी माझ्याकडं असते. गोळी आली नाही. पुन्हा आवाज दिला. तेव्हा कुठं हे मान वळवून बघायला लागले.

क्रुझर धूळ उडवत परत आली. गाडी थांबायच्या आत सुनितानं उडी टाकली. “आक्का! ओ आक्का!” करत ती झुडपांतून आली आणि मला बघून मटकन खाली बसली. मागून हे आले. ह्यांच्या तोंडाचा रंग उडालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मला धडधाकट बघितल्यावर रंग परत आला, तो रागाचा.

“माणूस हाय का बोचकं?” हे सुनितावर तुटून पडले. “इसरून जाता? पाय घसरला आसता तर? कुणाच्या जिवावर सहली काढता?”

“चुकलं, शेठ,” एवढंच ती म्हणाली, पुन्हा पुन्हा.

मी गाडीत बसले. खरं सांगायचं तर वैजिनाथशेठची बायको मुद्दाम मागं राहिली, हे सिरसाळ्याच्या बाजाराला महिनाभर चघळायला पुरलं असतं. ह्यांची मान खाली गेली असती. गप्प बसले तर माझं काहीच बिघडत नव्हतं. सुनिता माझ्या समोरच्या बाकावर बसली होती. वाटभर तिनं मान वर केली नाही.

अंगणात सगळे ताटकळलेले. भिवराबाईनं हुलग्याची शेंगुळी वाढली, बाजरीची भाकरी, ठेचा. “खा बाई, गार व्हतंय,” ती मला म्हणाली. चव उत्तम होती, पण मी भाकरीचा तोच तुकडा ठेच्यात बुडवत राहिले.

भावजी पाणी प्यायले आणि अध्यक्षांच्या आवाजात त्यांनी निकाल दिला. “जागा चांगली हाय, मी नाव ठेवत न्हाई. पण अशा भरवशावर समाजाच्या लेकीसुना न्हाई धाडता येत. आज वहिनी होत्या, उद्या कुणाचं लेकरू ऱ्हाईल. दिवाळीचं आपलं दुसरीकडं बघू.”

सुनिता भाकरीची टोपली घेऊन उभी होती. तिनं मान हलवली. “बरोबर हाय तुमचं,” ती म्हणाली आणि ह्यांच्या पानात भाकरी वाढली. त्याच वेळी अजिनाथचा फोन वाजला. “हां मुकादम,” म्हणत तो अंगणाच्या कडेला गेला. “हां... सांगतो. आजच सांगतो संध्याकाळपर्यंत.” दारात आरोहीचं दप्तर टांगलेलं होतं. भिवराबाई त्या दप्तराकडं बघत राहिली.

मला राहवेना.

“तिची चूक न्हाई,” मी म्हटलं.

“तू गप,” हे म्हणाले.

“गप होते तेच चुकलं माझं. गाड्या निघताना मी बघितल्या. तिनं ओरडलेलंबी ऐकलं. हाक मारली आसती तर थांबली आसती ती. मी न्हाई मारली.”

ह्यांनी हातातली भाकरी पानात ठेवली.

“कावून?” ह्यांनी विचारलं. राग नव्हता त्या विचारण्यात. त्यांना खरंच कळत नव्हतं.

“बसू वाटलं.”

“मी काय जाच करतो का तुला?”

“जाच न्हाई करत. पण दिवसभरात मला हाका किती मारता, ते तुमी कधी ऐकलंय का? गोळी, चष्मा, चहा, किल्ली. मी सगळ्या हाकांना ओ दिली, कधी कुरकुर केली न्हाई. आज हाक मारायची पाळी माझी होती. ती मी मारली न्हाई, बाकी काई न्हाई.” मी थांबले नाही. “त्या माळावर मला इतकं चांगलं वाटलं की तसं मला लगीन झाल्यापासनं कुठंच वाटलं न्हाई. आणि त्यापायी ह्या पोरीची रोजीरोटी जायला लागली तर मला तिथं बसल्याचं पाप लागंल.”

ह्यांनी पानाकडं बघितलं. कान लाल झाले होते. मला वाटलं, उठतात आता पानावरून.

भावजी घसा खाकरून म्हणाले, “मंजे ह्या बाईची काहीच चूक न्हाई म्हणता?”

“चूक हायच, भाऊ,” सुनिताच मध्ये बोलली. “आक्कांनी हाक मारो न मारो, मी माणसं मोजायला पायजे होती. मी जोड्या मोजल्या.”

तेव्हा शिवकन्या बोलली. सकाळपासून जिचा आवाज मळमळण्यापलीकडं निघाला नव्हता, ती. “मला बी न्या तिथं. मी तर डोळे मिटून होते. मी काहीच बघितलं न्हाई.”

“आता सौताड्याचा धबधबा हाय,” भावजी म्हणाले.

“धबधबा कुठं पळून चाललाय?” ती म्हणाली, आणि पानावरून उठली. अध्यक्षांच्या घरात कोण अध्यक्ष आहे ते तेव्हा आम्हाला कळलं.

दुपार कलल्यावर आम्ही पुन्हा त्या माथ्यावर आलो. ह्या वेळी सुनितानं भीड ठेवली नाही. तसंही तिच्यापाशी आता गमवायला काही उरलं नव्हतं. तिनं एकेकाला हाताला धरून जागा दिली, कड्यापासून बेतानं लांब, एकमेकांच्या नजरेत पण बोलता येणार नाही इतक्या अंतरावर. नवीन जोडप्यालासुद्धा वेगळं केलं. योगीराजचा फोन मागून घेतला. भावजींना एका मोठ्या दगडावर बसवलं आणि म्हणाली, “भाऊ, ऊन उतरलं की मीच बोलवीन. तवर बोलायचं न्हाई.” आणि ती मध्ये उभी राहिली, सगळे दिसतील अशी.

हे माझ्यापासून सगळ्यात लांब बसले. आधी दोनदा मागं वळून बघितलं, मी आहे का ते. मग बराच वेळ वळले नाहीत. एकदा खाली वाकून त्यांनी मूठभर माती उचलली आणि वास घेतला. मग गवताची काडी मोडून तिचा वास घेतला. नंतर नुसते बसले. खालच्या तळ्यात ऊन पडलं होतं आणि सगळी दरी सोन्यासारखी पिवळी झाली होती. तिकडं शिवकन्या मांडी घालून, पदर खाली पडलेला, तोंड उघडं टाकून बघत होती. आणि भावजी, जे झोपेतसुद्धा भाषण करतात, ते गप्प होते.

सुनितानं बोलावलं तेव्हा कुणी लगेच उठलं नाही. हे माझ्याजवळ आले. त्यांना जे येतं तेच ते बोलले. “माल चोख हाय,” ते दरीकडं हात करून म्हणाले. मग हळूच, “पुढच्या खेपेला गोळी माझ्याच खिशात ठेव.” मी हो म्हटलं. मला त्यांची माया आली, तीही खूप दिवसांनी.

भावजी गाडीपाशी आले, टोपी झटकली, पुन्हा घातली. “बाई,” ते सुनिताला म्हणाले, “आमच्या मंडळाच्या चारबी फेऱ्या तुझ्याकडं. दिवाळी झाली की पहिली. धबधबा ठेव, पण हे बसणं आधी ठेव. आणि माणसं मोजायची. एक एक.”

सुनितानं नुसते हात जोडले. मग अजिनाथकडं बघितलं. अजिनाथनं खिशातून फोन काढला, नंबर लावला, आणि वाजायला लागल्यावर तो तिच्याच हातात दिला.

“मुकादम,” ती म्हणाली, “औंदा आमचा कोयता धरू नका.”

पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “बघ हं. तुमची जागा दुसऱ्याला देतो मग. मागून रडत आलीस तर मी न्हाई ऐकायचा.”

सुनितानं एकदा माळाकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं.

“द्या,” ती म्हणाली. फोन बंद करून ती गाडीच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून जी रडायला लागली, तिला आमच्यापैकी कुणीच गप्प केलं नाही.